कानातली कुडी

पाच वर्षांत हेमांगी साळोखेने नऊ निर्णय घेतले, असं अहवालात लिहिलं होतं.

तिने ते पान दोनदा वाचलं. कॅन्टीनमध्ये गुरुवारी मटकीऐवजी चवळी. दुसऱ्या पाळीतल्या बायकांसाठी बसचा थांबा गेटच्या आत. दिवाळीच्या मिठाईतून सोनपापडी कायमची बाद. पाहुण्यांच्या खोलीचे पडदे. असे मोजून नऊ. आणि खाली एक ओळ : ‘अन्य सभांत सहकार्याची भूमिका.’

सोनपापडीचा निर्णय लोकांनी डोक्यावर घेतला होता हे खरं, पण तेवढ्यावर कुणी कुणाला कंपनी चालवायला देत नाही.

वाघजाई प्रेशर व्हेसल्स ही चाकणजवळची कंपनी हायड्रोजन साठवायच्या टाक्या बनवायची. हेमांगी तिथली उत्पादन संचालक होती. सत्तावीस वर्षांपूर्वी ती ट्रेनी इंजिनिअर म्हणून आली, तेव्हा शॉप फ्लोअरवर बायकांचं स्वच्छतागृह नव्हतं, आणि ‘बाईमाणूस वेल्डिंगच्या धुरात किती टिकणार’ अशी लोकांनी पैज लावली होती. ती टिकली. पुढे चढत गेली तेव्हा तेच लोक ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ म्हणू लागले. तिने त्याचंही फारसं मनावर घेतलं नाही. मिरची तिखट असते यात मिरचीचा काय दोष, असं तिचं साधं म्हणणं होतं.

आता व्यवस्थापकीय संचालक मार्चअखेर निवृत्त होणार होते. त्या जागेसाठी दोन नावं होती, तिचं आणि तांत्रिक संचालक समीर पोंक्षेचं. निवड समिती शुक्रवारी बसणार होती, आणि समितीपुढे मुख्य कागद म्हणजे हाच अहवाल. तिने पान उलटून समीरचे निर्णय पाहिले. यादी चार पानं भरून होती, आणि अगदी वर, ठळक अक्षरांत, ‘अकरा दिवस’.

ते वाचून ती खुर्चीत बसली.

‘अकरा दिवस’ ही कंपनीतली सगळ्यात अभिमानाची गोष्ट. चार वर्षांपूर्वी दाबाच्या चाचणीत एका टाकीला केसाएवढी चीर दिसली होती. बाकीच्या टाक्या पास झाल्या होत्या, शहराच्या बसगाड्यांसाठी माल निघायचा होता, आणि विक्रीवाले डोक्यावर बसले होते. तरीही अकरा दिवस लाइन बंद ठेवून प्रत्येक टाकी पुन्हा तपासली गेली. आणखी सहा टाक्यांत वेल्डखाली तीच चीर सापडली. त्या सहा टाक्या रस्त्यावर गेल्या असत्या तर काय झालं असतं, हे कंपनीत कुणी मोठ्याने बोलत नसे. न झालेल्या अपघाताचं श्रेय सहसा कुणाला मिळत नाही. इथे मात्र ते मिळालं होतं, आणि लाइन बंद केली होती हेमांगीने.

किमान तिला तरी तसं आठवत होतं.

*

या सगळ्याच्या मुळाशी एक लहानशी वस्तू होती. तिचं कंपनीच्या कागदांतलं नाव लांबलचक होतं, पण ती कानाच्या पाळीला लावायची म्हणून लोक तिला ‘कुडी’ म्हणत. पाच वर्षांपूर्वी ती आली तेव्हा, आज्यांचे दागिने आता साहेबलोकांच्या कानांत आले, अशी थट्टा झाली. मग थट्टा थांबली, कारण कुडी खरोखर कामाची निघाली. जपानी भागीदार जपानीत बोलत, कोइमतूरचे लोक तमिळमध्ये, चाकणचे मराठीत, आणि प्रत्येकाला सगळं आपापल्या भाषेत ऐकू येई. ज्यांची तीस वर्षं इंग्रजीला अडखळण्यात गेली होती, ते सभेत मोकळेपणाने बोलू लागले. कुडी खोलीतला खरा आवाज दाबून टाकी आणि त्याच्या जागी स्वच्छ केलेला आवाज कानात सोडी. त्यातून खोकला, ‘म्हणजे ते आपलं हे’, मधलं अडखळणं सगळं गाळलं जाई. त्यामुळे नुसती मराठी माणसं जमली तरी कुड्या लावूनच बसत. कुडीशिवाय माणसाचं बोलणं आता कच्चं वाटू लागलं होतं. सभेत कोण काय म्हणालं याची नोंदही कुडीच ठेवी, आणि समितीचा अहवाल त्याच नोंदींवरून निघाला होता.

हेमांगी अहवाल घेऊन समीरच्या खोलीत गेली. दोघं पंधरा वर्षं एकत्र काम करत होते. तिच्या आईच्या आजारपणात त्याने महिनाभर तिची कामं न बोलता उरकली होती. माणूस सरळ होता, आणि तीच अडचण होती.

“हे बघितलंस?” तिने पान पुढे केलं.

समीरने बघितलं. “बरोबर आहे की. काय झालं?”

“अकरा दिवस तुझ्या नावावर आहेत.”

“हो.” त्याला प्रश्न कळेना. “हेमांगी, तू माझ्या शेजारीच तर होतीस. टेस्ट बेमध्ये. सगळे कल्ला करत होते, आणि मी म्हटलं, बंद करतो मी लाइन. मला तो क्षण अजून आठवतो. घसा कोरडा पडला होता.”

“समीर, ते मी म्हटलं.”

तो हसला नाही, चिडलाही नाही. त्याने तिच्याकडे काळजीने पाहिलं, आणि ते तिला जास्त लागलं.

“तू पाठिंबा दिलास,” तो हळूच म्हणाला. “पहिला पाठिंबा तुझाच होता. मी समितीला हे सांगणार आहे. पण ते वाक्य माझं होतं गं. माझ्या कानात माझा आवाज अजून आहे.”

ती बाहेर आली. चोराच्या उलट्या बोंबा असत्या तर तिला भांडता आलं असतं. हा चोर नव्हता. त्याला खरोखर आठवत होतं. जिन्यावर थांबून तिने तो क्षण डोळ्यांपुढे आणला : टेस्ट बे, काचेमागची टाकी, लाल दिवा. मग वाक्य आलं, ‘बंद करतो मी लाइन’, आणि ते समीरच्या आवाजात आलं. तिने पुन्हा आठवलं. पुन्हा समीरच. तिने स्वतःचा आवाज बळेच त्या वाक्याला चिकटवून पाहिला, तो निसटून पडला. गेले काही महिने आपण ई-मेल मनात वाचतो तेही याच्याच आवाजात, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. आपल्या डोक्यात दुसरंच कुणीतरी राहतंय की काय, असं वाटून तिला भीती वाटली. कठडा धरून ती खाली उतरली.

*

कुडी बनवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर गार्गी वाकणकर बुधवारी आली. तिशीतली, बारीक चणीची, मोजकं बोलणारी. हेमांगीने आधीच दोघींच्या कुड्या काढायला लावल्या होत्या.

“पाच वर्षांतली माझी कुठलीही वाक्यं काढ,” हेमांगी म्हणाली. “बोलले काय आणि लोकांच्या कानात गेलं काय, दोन्ही दाखव.”

“मूळ आवाज चोवीस तासांत पुसला जातो मॅडम. खासगीपणाचा कायदा आहे. पण शब्द कुठे बदलले याची नोंद राहते.” गार्गीने पडदा उघडला.

पहिलं वाक्य. बोललेलं : ‘मी चहा सांगते.’ ऐकवलेलं : ‘मी चहा सांगते.’

दुसरं. बोललेलं : ‘मी ही चाचणी पुन्हा घेते.’ ऐकवलेलं : ‘मी ही चाचणी पुन्हा घेतो.’

तिसरं. ‘मी पडदे बघते.’ तसंच राहिलं. चौथं. ‘मी कोइमतूरचा प्लांट वाढवते.’ त्याचं झालं ‘वाढवतो’.

हेमांगी पाहत राहिली. ओळीमागून ओळी खाली सरकत होत्या. चहा, मिठाई, वाढदिवस, सांत्वनाची पत्रं यांतली ‘ते’ जागच्या जागी होती. दाब, पोलाद, करार, माणसं नेमणं, माणसं काढणं, यांतल्या प्रत्येक ‘ते’चा ‘तो’ झाला होता.

“हे कुणी सांगितलं याला?”

“कुणीच नाही,” गार्गी म्हणाली. “म्हणूनच सापडत नाही. हे बघा, मशीन मराठीचं सरळ जपानी करत नाही. आधी वाक्याचा अर्थ काढून एका मधल्या भाषेत ठेवतं, मग तिथून पाहिजे त्या भाषेत. मराठीचं मराठी करतानाही तसंच. ती मधली भाषा म्हणजे नुसते आकडे. त्यात ‘घेते’ आणि ‘घेतो’ असा फरक राहत नाही, नुसतं ‘घेणं’ राहतं. परत मराठीत येताना मशीनला ठरवावं लागतं, ते की तो. मग ते आजवर वाचलेल्या कोट्यवधी वाक्यांत बघतं. चाचणी घेणारा, करार करणारा, प्लांट वाढवणारा त्या वाक्यांत कोण असतो? त्यावरून अंदाज बांधतं.”

“म्हणजे ते आपल्याकडूनच शिकलं.”

“आपल्याकडूनच. आपण लिहून ठेवलेल्या सगळ्यावरून.” गार्गीने यादी खाली सरकवली. “एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मग त्याच्या हातात आवाज बाईचा आणि क्रियापद पुरुषाचं असं वाक्य येतं. हे मशीनला चूक वाटतं. आणि चूक दुरुस्त करणं हे तर त्याचं कामच. त्याला आपल्या क्रियापदाची खात्री असते, मग ते आवाज दुरुस्त करतं. खोलीत त्या विषयावर बोलणारा जवळचा पुरुष बघतं, आणि वाक्य त्याच्या आवाजात देतं.”

“सगळ्यांच्या कानात?”

“सगळ्यांच्या. त्याच्याही. तुमच्याही.”

हेमांगीला समीरचा कोरडा पडलेला घसा आठवला. गार्गी सांगत होती, की काय बोललं गेलं आणि कोण बोललं या दोन गोष्टी मेंदू वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. पहिला कप्पा बऱ्यापैकी घट्ट, दुसरा गळका. हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे. दुसऱ्याने केलेला विनोद आपणच केला असं माणसाला वाटतं ते यामुळेच. त्यात आपला स्वतःचा आवाज आपल्या कानात पडला, की मेंदू पुढची चौकशीच करत नाही. पोंक्षे खोटं बोलत नव्हता. त्याने खरंच स्वतःला बोलताना ऐकलं होतं. आणि हेमांगीने स्वतःला बोलताना पाच वर्षं ऐकलंच नव्हतं.

“कुणी तक्रार केली नाही?”

“उलट. ‘सभा पूर्वीपेक्षा सुरळीत होतात’ असे अभिप्राय आहेत. बायकांचेही. त्यांनी आपोआप वाट काढली.” गार्गीने दुसरी यादी दाखवली. “‘मी ठरवते’ बदलतं. पण ‘मला वाटतं’ बदलत नाही, त्यात बोलणाऱ्याचं लिंग येतच नाही. म्हणून तुमच्याकडच्या बायका सभेत आता ‘मला वाटतं’, ‘विचारून बघू या का’ एवढंच बोलतात. त्यांना स्वतःला हे माहीत नाही. तेवढं बोललं की आपला आवाज आपल्याला परत ऐकू येतो, म्हणून सवय लागली असणार.”

बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही, असं म्हणतात. बोलणारीचं सोनं शेजारच्या दुकानात विकलं जाईल, हे त्या म्हण करणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं.

“अकरा दिवसांचं वाक्य काढ,” हेमांगी म्हणाली. “तेवढं एक पुरे. समितीपुढे ठेवते.”

गार्गीने तारीख घातली. वाक्य आलं. तिने पडदा हेमांगीकडे वळवला. बोललेलं : ‘बंद करतो मी लाइन.’ ऐकवलेलं : ‘बंद करतो मी लाइन.’ शब्दांत बदल : नाही.

“इथे मशीनने काहीच बदललं नाही मॅडम,” गार्गी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने नजर चुकवली. “‘करतो’ असंच आलं होतं. आणि आवाज कुणाचा होता, ते आता कळायला मार्ग नाही.”

*

त्या रात्री हेमांगीने समीरसाठी अभिनंदनाचं पत्र लिहायला घेतलं होतं, हे तिने पुढे कुणाला सांगितलं नाही. सकाळी तिने ते फाडलं आणि ती टेस्ट बेमध्ये गेली.

टेस्ट बेमध्ये कुडीला बंदी होती. हायड्रोजनजवळ बॅटरीची वस्तू नको म्हणून कामगारांना ती कधी दिलीच नव्हती. साहेबलोक आले तर कुड्या लावूनच दारातल्या पिवळ्या पट्टीपर्यंत येत आणि तिथून बोलत. चाचणीच्या पॅनेलवर संगीता चौगुले होती, वीस वर्षांची जुनी ऑपरेटर, कागलची.

“संगीताताई, अकरा दिवसांच्या वेळी तुम्ही इथेच होतात ना?”

“हुतो की. ह्या खुर्चीवर.”

“लाइन बंद करायचं कोण म्हणालं?”

संगीताने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने आजचा वार विचारला. “तुमी. दुसरं कोण म्हणणार?”

“पोंक्षे साहेब नव्हते म्हणाले?”

“ते तुमच्या शेजारी उभं हुतं. तोंडातनं शबूद न्हाई. तुमी त्या पिवळ्या पट्टीवर हुता. विक्रीचा तो जाडा साहेब लई बोलायला लागला, तवा तुमी हात वर केला आन् म्हणला, ‘बंद करतो मी लाइन. कोण आडवतंय बघतो.’” ती हसली. “मी मनात म्हणलं, अगं बाई, मॅडम तर आमच्याकडची निघाली. इतकी वरसं पुण्याचं बोलत हुता, त्यामुळं कळलंच न्हाई.”

हेमांगी तिथेच स्टुलावर बसली.

ती कोल्हापूरची. त्या मुलखात बायका ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असंच बोलतात. तिची आई तशी बोलते, मावश्या तशा बोलतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ती अठराव्या वर्षी पुण्याच्या हॉस्टेलवर आली, आणि पहिल्याच संध्याकाळी ‘मी जेवलो’ म्हणाली. टेबलावरच्या मुली पोट धरून हसल्या. त्यानंतर सहा महिने ती रात्री पांघरुणात तोंड घालून ‘जाते, येते, करते’ घोकत होती. घोकून घोकून तिने ‘तो’ पार पुसून टाकला. त्या एका दिवशी संतापाच्या भरात पांघरूण उडालं असणार. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तिच्या आईच्या बोलीत बाहेर पडलं, आणि यंत्राने सरळ हिशोब केला, की एवढं मोठं वाक्य आणि वर ‘करतो’, म्हणजे हा पोंक्षेच. त्या एका वाक्यात तरी यंत्राने तिचा एकही शब्द हलवला नव्हता. तिला रडू आलं, आणि तिने ते आवरलं नाही.

“मी येतो की साक्षीला,” संगीता म्हणाली. “भितो काय मी कुणाला?”

“तुम्ही समितीपुढे येऊन बोललात, तर तेही समीरच्याच आवाजात ऐकू जाईल ताई.”

संगीताला ते काही कळलं नाही. तिने पदराने स्टुलाची बाजू पुसली आणि चहा मागवला.

*

शुक्रवारी अकरा वाजता समिती बसली. सभासद पाच. अध्यक्ष अभ्यंकर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सौजन्याचा पुतळा. बाकीच्यांत दोन निवृत्त उद्योजक, एक वकील आणि डॉ. माधवी रणदिवे, ज्या स्वतः एकेकाळी एका मोठ्या कारखान्याच्या प्रमुख होत्या. हेमांगी आणि समीर दोघांनाही एकदमच आत बोलावलं होतं, शेजारी शेजारी.

“एक विनंती आहे,” हेमांगी म्हणाली, आणि ते कुणाला कसं ऐकू गेलं कोण जाणे, म्हणून तिने बोलण्याऐवजी स्वतःची कुडी काढून टेबलावरच्या बशीत ठेवली, आणि बशी पुढे सरकवली. समीरने लगेच काढली. काल संध्याकाळी तिने त्याला गार्गीचा पडदा दाखवला होता, संगीताचं बोलणं सांगितलं होतं, आणि शेवटी त्याला ते पटलं होतं. मग एकेकाने कुड्या काढल्या. बशीत सात कुड्या जमल्या.

खोलीत एकदम पंख्याचा आवाज आला. तो इतकी वर्षं तिथेच असणार.

“मी पहिल्यापासून सांगते,” हेमांगी म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला, जाडसर, थोडा चिरका, पण तिचा. “त्या दिवशी लाइन मी बंद केली. चीर वेल्डखाली जाते आहे अशी मला शंका होती...”

ती बोलत होती, आणि पाचही जण लक्ष देऊन ऐकत होते. माना डोलवत होते. फक्त ते समीरकडे बघत होते.

तिला आधी वाटलं, योगायोग असेल. ती आणखी बोलली. डॉ. रणदिवेंनी कागदावर काहीतरी टिपलं, समीरकडे बघून हसल्या, आणि म्हणाल्या, “फार नेमकं सांगितलंत.”

समीरचं तोंड बंद होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“मी बोलत नाहीये,” तो म्हणाला. “सर, हे ती बोलते आहे. लाइन हिनेच बंद केली. मी नुसता उभा होतो.”

अभ्यंकरांचे डोळे भरून आले. “समीर,” ते म्हणाले, “हाच तुझा मोठेपणा. आयतं श्रेय हातात असताना सहकाऱ्याच्या ओंजळीत घालणारी माणसं मी फार कमी पाहिली.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. वकिलांनी ‘विनम्र’ असा शब्द लिहिला, तो हेमांगीला उलटा दिसला. समीरने तिच्याकडे पाहिलं. तो घाबरला होता, लहानपणी अंधारात घाबरावं तसा. पाच वर्षं आपल्याला काय काय दिलं गेलं ते त्याला आत्ता कळत होतं. तो उठला.

“मी बाहेर जातो,” तो तिला म्हणाला. “मी नसलो की दिसशील त्यांना. बोल तू.”

दार लागलं. हेमांगी पुन्हा बोलू लागली. सहा टाक्या, सहा चिरा, मग पुढच्या पाच वर्षांत काय करायचं, कोइमतूर, नवं पोलाद. पाचही जण एकाग्र होऊन ऐकत होते, आणि सगळे समीरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

 कुड्या बशीत पडल्या होत्या. यंत्राचं काम केव्हाच संपलं होतं. जे करायचं ते आता माना आपल्या आपण करत होत्या.

मग तिला एक मोह झाला, आणि तो साधासुधा नव्हता. त्या खुर्चीत जाऊन बसायचं. बस्स, एवढंच. नवं पोलाद मिळेल, कोइमतूर मिळेल, दुसऱ्यांदा कुठे चीर दिसली तर लाइन बंद करता येईल. सगळं तिच्या मनासारखं होईल, फक्त हाक दुसऱ्या नावाने येईल. नाही तरी पाच वर्षं हेच चाललं होतं, आणि कंपनीचं काही वाईट झालं नव्हतं. वाईट झालं होतं ते तिचं. आणि खाली सभांतून ‘मला वाटतं’ एवढंच बोलायला शिकलेल्या सगळ्या बायकांचं.

ती उठली नाही. अर्ध्या वाक्यात तिने बोलणं थांबवलं.

पंखा फिरत राहिला. पाच जण वाट बघत राहिले. “बोला ना,” अभ्यंकर खुर्चीला म्हणाले. खुर्ची बोलली नाही. एक मिनिट गेलं, मग दुसरं. उद्योजकांपैकी एकाने दाराकडे पाहिलं. वकिलांनी छताकडे. डॉ. रणदिवेंनी टेबलाखाली वाकून पाहिलं, आपलं काही पडलंय का. मग त्यांची नजर हळूहळू टेबलाच्या कडेने सरकत आली, हेमांगीच्या हातांवर थांबली, आणि तिथून चेहऱ्यावर आली. त्या दचकल्या. त्यांच्यामागून बाकीच्यांनी पाहिलं.

“अरे, साळोखे मॅडम,” अभ्यंकर आदबीने म्हणाले. “तुम्ही कधी आलात?”

“सकाळपासून इथेच आहे,” ती म्हणाली. “लाइन मी बंद केली.”

पाचही जण तिच्याकडे बघत होते. तिने पुढचं वाक्य घेतलं, आणि त्याच्या मध्यावर वकिलांची मान खुर्चीकडे झुकायला लागलेली तिला दिसली. ती थांबली. तोंड मिटून त्यांच्याकडे बघत बसली. मान घुटमळली आणि परत आली. तिने वाक्य पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. या वेळी डॉ. रणदिवे वळल्या. ती थांबली. त्या परत आल्या, आणि मान वळली कशी तेच न कळल्यासारखा त्यांनी स्वतःच्या मानेला हात लावला.

असं एकेक वाक्य करत ती बोलत राहिली. बाहेर जेवणाची सुटी झाली आणि संपली. दुपारचे तीन वाजले तेव्हा ती दुसऱ्या दिवसापर्यंत पोचली होती, अजून नऊ दिवस सांगायचे होते. अभ्यंकरांची मान पुन्हा हलली. हेमांगी थांबली, आणि मान परत येईपर्यंत तिने पाण्याचा एक घोट घेतला.